मागची बोडी : बेडूक, दिवड आणि आपण

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असतोच. नोंदणी कशी झाली, पहिली कार्यकारिणी कोणाची, रस्ता कधी झाला, नळ कधी आला, गणेशोत्सवाला सुरुवात कोणी केली, हे सगळं आपल्या सचिवांनी त्यांच्या लेखात व्यवस्थित मांडलं आहे. संपादक मंडळाने मला विषय दिला तो "आपल्या परिसराचा इतिहास". माझी नोकरी बँकेतली. जुनी खाती उघडून बघायची सवय सेवानिवृत्तीनंतरही गेलेली नाही. आपल्या परिसराचं सगळ्यात जुनं खातं कोणतं म्हणून शोधू लागलो, तर ते निघालं मागच्या बागेतल्या तळ्याचं. मुलं त्याला 'पाँड' म्हणतात, प्लॉटच्या नकाशावर तो 'खुली जागा' आहे, आणि ज्यांची ही जमीन होती ते शेतकरी त्याला 'बोडी' म्हणत. मी इथे बोडीच म्हणणार आहे.

लिहिण्याचं कारण फक्त हौस नाही. येत्या वार्षिक सभेपुढे बोडी बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करण्याचा विषय आहे. बाजू दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे चांगली माणसं आहेत. हात वर करण्याआधी, आपण नेमकं काय बुजवतो आहोत ते सर्वांना माहीत असावं, एवढाच माझा हेतू.

पाण्याचा जिल्हा

ज्यांची नोकरी इथे आणि गाव दुसरीकडे, अशा आपल्या अनेक सभासदांना बोडी हा शब्द नवीन वाटतो. शेताच्या वरच्या अंगाला, उताराचं पाणी अडवून केलेला छोटा तलाव म्हणजे बोडी. तिला मातीची पाळ असते. खाली धानाच्या बांद्या. पावसाने दगा दिला की बोडीतलं पाणी सोडून एक-दोन वेळा धान वाचवायचं. मोठ्या गावतलावाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात, आणि जास्तीचं पाणी वाहून जायची वाट असते, ती सलंग. पीककर्जाच्या पाहणीसाठी सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या बाजूला मी बरीच वर्षं फिरलो. कोकणात जसं घर तिथे माड, तसं आपल्या झाडीपट्टीत गाव तिथे तलाव.

खुद्द चंद्रपूरच्या जन्माची कथाही एका डबक्यापासून सुरू होते. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या, काही केल्या बऱ्या होईनात. शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी तो प्यायला आणि त्याने तोंड धुतलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीच्या लक्षात आलं की गाठी कमी झाल्या आहेत. जागेचा शोध घेतला तेव्हा खडकात गाईच्या पावलांच्या आकाराचे पाच खळगे आणि त्यांत पाणी सापडलं. तिथे आज अचलेश्वराचं देऊळ आहे. राजधानी बल्लारपूरहून इकडे आली, परकोट उभा राहिला. दंतकथा आहे, पुरावा मागू नये. पण ज्या शहराने आपली जन्मकथा गंगेपासून नाही, नदीतल्या खड्ड्यापासून सांगितली, त्या शहराला छोट्या पाण्याची किंमत माहीत होती एवढं म्हणता येईल.

हिरशहा या गोंडराजाबद्दल सांगतात की, जो जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणील त्याला ती जमीन आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा नियम होता. आजच्या भाषेत याहून चांगली कर्जयोजना मी पाहिलेली नाही. पुढे तलाव बांधण्यात कोहळी समाजाने नाव काढलं. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने आणि वाहत्या पाण्यावरून ओळखणारे हे लोक. १७५१ मध्ये गोंडांचं राज्य भोसल्यांकडे गेलं, १८५४ मध्ये चांदा जिल्हा इंग्रजांकडे आला. मालगुजारी पद्धतीत गावचा तलाव मालगुजाराकडे, पण दुरुस्तीला गाव हजर, असा हिशेब होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून त्यांना 'मामा तलाव' असं नाव पडलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेली ते योग्यच झालं, पण मालक गेला आणि राखणारा नेमला गेला नाही, म्हणून अनेक तलाव गाळाने भरले. आपल्याच शहरातला रामाळा तलाव गटाराच्या पाण्यापासून वाचावा म्हणून २०२१ च्या सुरुवातीला इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावं लागलं, हे सर्वांना आठवत असेल.

आपली बोडी याच साखळीतली शेवटची, सगळ्यात लहान कडी. ले-आऊट पडला तेव्हा बांद्यांचे प्लॉट झाले, धुरे मोडले, बोडीचा बराचसा भाग मुरमाने भरला. खोल कोपरा उरला तो बागेसाठी सोडला. आज तिची लांबी चाळीस फूट, रुंदी तीसच्या आत.

बेडूक

बेडूक आणि पाऊस यांची जोडी फार जुनी. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक पूर्ण सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर गप्प बसून पहिल्या पावसाला एकसुरात बोलू लागणाऱ्या बेडकांची तुलना तिथे मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. आपल्याकडे विदर्भात पाऊस ओढला की पोरं धोंडी काढत. काठीला कडुनिंबाचा पाला आणि त्यात एक बेडूक बांधून घरोघर जायचं, बायांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि सुपातून धान्य द्यायचं. त्या बेडकाचे हाल होत, ती प्रथा मागे पडली ते बरंच झालं. पण तिच्यामागची समजूत खोटी नव्हती, कारण बेडूक असेल तिथे पाणी असतं.

आपल्या बोडीत किमान चार प्रकारचे बेडूक मी पाहिले आहेत. पाण्यावर तरंगत डोळे वर काढून बसणारा आणि चाहूल लागली की पाण्यावरून टप्पे घेत पळणारा छोटा बेडूक बारमाही आहे. दुसरा मोठा, हिरवट, पाठीवर पिवळी रेघ असलेला. हा उन्हाळ्यात दिसत नाही, जमिनीत पुरून घेऊन निजतो. मृगाचे दोन दणके बसले की वर येतो. त्या एक-दोन रात्री नर पिवळेधमक होतात, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात आणि असा काही आवाज काढतात की तीन नंबरच्या बंगल्यातल्या काकूंनी एकदा म्हटलं होतं, "भाऊ, हे भजनी मंडळ बारापर्यंत तरी आटोपायला सांगा ना." तिसरा झाडावर चढणारा. तो न्हाणीघरात, कूलरच्या जाळीमागे, कधी कधी पायताणात सापडतो. याची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाक्याच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखा गोळा लावते. कुणीतरी कपडे धुवून फेस टाकला म्हणून आपल्याकडे एकदा भांडण झालं होतं. तो फेस म्हणजे अंडी होती. चौथा तो खरबरीत कातडीचा भेक, संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याखाली किडे वेचायला बसणारा.

एक मोठा व्यवहार या बेडकांवर एकेकाळी चालायचा. परदेशातल्या हॉटेलांना बेडकांच्या तंगड्या लागत. १९८० च्या आसपास भारतातून वर्षाला हजारो टन तंगड्या निर्यात होत होत्या. त्यात सगळ्यात जास्त बळी जायचा तो हाच मोठा, पहिल्या पावसात ओरडणारा बेडूक. तो आवाजावरून सापडतो, आणि ऐन विणीच्या वेळी सापडतो. शेतातले बेडूक संपले की किडे वाढतात आणि मग औषधं फवारावी लागतात. तंगड्यांतून डॉलर मिळवायचे आणि ते कीटकनाशकावर घालवायचे, असा तो हिशेब होता. अखेर १९८७ मध्ये सरकारने निर्यात बंद केली. आमच्या पिढीत विज्ञान शाखेची मुलं प्रात्यक्षिकाला बेडूक चिरत. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तेही टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना दिल्या. म्हणजे बेडकाचा भाव कायद्याच्या पुस्तकात हळूहळू वधारत गेला. आपल्या दारात मात्र त्याला अजून केरसुणीनेच लोटतात.

साप

आता ज्याच्यामुळे खरा वाद आहे त्याच्याकडे येतो.

सापाशी या मुलखाचं नातं दुहेरी आहे. गडचांदूरजवळचा माणिकगड हा नागवंशी माना राजांचा म्हणून ओळखला जातो. नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, चिरत-कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी साप दिसला तर काठी घेऊन पाच जण धावतात. दोन्ही भीतीपोटीच.

ही भीती उगीच नाही, हेही स्पष्ट लिहितो. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे रोवणीच्या आणि निंदणीच्या दिवसांतले, आणि बहुतेक खेड्यातले. आकडा वाचून काही वाटत नाही, म्हणून एक घरचं उदाहरण देतो. आपल्या पहिल्या चौकीदाराची पुतणी गावी जमिनीवर चटई टाकून निजली होती. रात्री मण्यार चावला. मण्याराचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. मुलगी पोट दुखतं म्हणत राहिली. घरच्यांनी आधी झाडफूक करणाऱ्याला बोलावलं, मग बंडी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबला होता. नऊ वर्षांची होती. तो माणूस त्यानंतरही आपल्याकडे सहा वर्षं रात्रीची राखण करत होता आणि बोडीच्या काठाने रोज कंदील घेऊन फिरत होता. तेव्हा साप हा गमतीचा विषय आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण कोणता साप, हे विचारलंच पाहिजे. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बोडीत राहणारा साप यांच्यातला नाही. तो दिवड, पाणसाप. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, डोळ्याखालून तिरप्या दोन काळ्या रेघा. बिनविषारी. स्वभावाने मात्र तापट. डिवचला तर मान चपटी करतो, डोकं उचलतो, चावतोही. मान चपटी केली की माणसं ओरडतात "नाग!" आणि बिनविषारी असूनही नागाच्या नावावर जितके दिवड मारले गेले असतील तितके दुसरे साप क्वचितच. बागेत कधी नानेटी दिसते, तीही निरुपद्रवी. मोठी धामण उंदरांमागे येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांनाही कायद्याचं कवच मिळालं. पण केवळ कायद्याने माणसाची काठी थांबली नाही, ती थांबवली सर्पमित्रांनी. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत बहात्तर तास काढले. साप कारणाशिवाय चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्या बाजूला हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस गेले. त्यांच्या दवाखान्यात सर्पदंशाचे रुग्ण येत आणि अंगणातल्या प्राण्यांच्या अनाथालयात सापही असत. एकाच आवारात सापाचं विष उतरवायचं आणि सापालाही सांभाळायचं, यात त्यांना विसंगती वाटली नाही. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याला फोन केल्यावर येणारी मुलं आहेत. ही त्या माणसांची पुण्याई.

दोघांचा एकत्र संसार

साप बेडकाला खातो. मग एकाच बोडीत दोघं पंचवीस वर्षं कसे राहिले? हा प्रश्न मला आपल्या सोसायटीतल्या एका सातवीतल्या मुलाने विचारला आणि त्याच्यासाठी म्हणून मी थोडा विचार केला.

पंचतंत्रात गंगदत्त नावाच्या बेडकाची गोष्ट आहे. विहिरीतल्या भाऊबंदांनी छळलं म्हणून तो बाहेर गेला आणि सूड घ्यायला प्रियदर्शन नावाच्या सापाला स्वतः विहिरीत घेऊन आला. सापाने आधी भाऊबंद संपवले, मग गंगदत्ताचं स्वतःचं कुटुंब. शेवटी गंगदत्त काहीतरी निमित्त काढून पळाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण साप किती दुष्ट म्हणतो. पण नीट पाहा, विहीर बंद आहे. बेडकाला जायला वाट नाही, बाहेरून नवा बेडूक यायला वाट नाही. साप मुळात तिथला नाही, भांडणापायी आणलेला. म्हणून सगळे संपले.

बोडीचं तसं नसतं. तिला चारही बाजू मोकळ्या. एक मोठी मादी एका पावसाळ्यात हजारोंनी अंडी घालते. त्यातून शेपटीवाली काळी पिल्लं निघतात, त्यांतली बरीच मासे खातात, पाणकिडे खातात, बगळे खातात, दिवडही खातो. हजारांतून मूठभर जगतात, आणि मूठभर पुरतात. सगळीच जगली असती तर आपल्याला रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नसती. उलट दिवडाला रोज जेवण लागत नाही, एक मोठा बेडूक मिळाला की तो कित्येक दिवस निवांत पडून राहतो. बेडूक कमी झाले की दिवड दुसरीकडे सरकतो, बेडूक वाढले की परत येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर विहीर ही बंद तिजोरी होती, काढत गेलं की संपणार. बोडी हे चालू खातं आहे, काढणं आणि भरणं सारखं सुरू.

आरमोरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा पाळीवर उभं राहून सांगितलं होतं, "साहेब, बोडीत बेंडूक बोलत नसला तर पाणी बिघडलं समजा. अन् दिवड दिसत नसला तर बेंडूक सरले समजा जी." वीस शब्दांत त्याने पूर्ण तपासणी अहवाल दिला.

आपली पंचवीस वर्षं

पहिली दोन वर्षं आपल्याला बोडीकडे बघायला सवड नव्हती. घरं बांधायची घाई होती आणि बांधकामाला पाणी तिथूनच जायचं. तिसऱ्या पावसाळ्यात पहिला साप मारला गेला. रात्री दिवे गेलेले, पायऱ्यांवर काहीतरी सळसळलं, आरडाओरडा झाला, चार काठ्या पडल्या. सकाळी एक सर्पमित्र आला, त्याने पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "दिवड होता काका. पोटात अंडी होती." त्यानंतर आठ दिवसांत आपल्या संस्थेचा एक ठराव झाला, तो इतिवृत्तात आहे : आवारात साप दिसल्यास कोणीही मारू नये, सर्पमित्राला फोन करावा, नंबर सूचनाफलकावर लावावा. मला वाटतं, आपल्या संस्थेने आजवर केलेल्या ठरावांत हा सर्वांत जास्त पाळला गेलेला ठराव आहे. मासिक वर्गणीचा ठरावसुद्धा इतका पाळला गेलेला नाही!

त्यानंतरच्या काळात दोनदा नाग निघाला. दोन्ही वेळा तो बोडीत नव्हता, एकदा जुन्या विटांच्या ढिगात आणि एकदा लाकडं रचली होती तिथे, उंदरांच्या मागावर. दोन्ही वेळा सर्पमित्रांनी पकडून वनविभागाला कळवून जंगलात सोडला. एका मुलाला दिवड चावला, कारण तो त्याला मच्छरदाणीच्या काठीने ढोसत होता. आईवडिलांनी ताबडतोब दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी रात्रभर निगराणीखाली ठेवलं, सकाळी मुलगा पोहे खाऊन घरी आला. आजपर्यंत आपल्या आवारात विषारी साप कोणाला चावलेला नाही. देवाची कृपा म्हणा, पण त्यात चौकीदाराच्या कंदिलाचा आणि त्या ठरावाचाही वाटा आहे.

डेंग्यूच्या वर्षी पहिलं बोट बोडीकडेच गेलं. ते स्वाभाविक होतं, साचलेलं पाणी डोळ्यांसमोर होतं. आरोग्य विभागाची माणसं आली, त्यांनी बोडीत भांडं बुडवून पाहिलं आणि मग घरोघर फिरली. अळ्या सापडल्या त्या आपल्या कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटल्यांत. डेंग्यूच्या डासाला माणसाच्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे कूलर प्रत्येक घरी, आणि पाऊस सुरू झाल्यावर त्यातलं पाणी काढायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. बेडूक सगळे डास खाऊन टाकतो असंही मी म्हणणार नाही, त्याची पिल्लं तर बहुतांशी शेवाळावर जगतात. पण जिथे मासे, पाणकिडे, चतुरांची पिल्लं आणि बेडूक आहेत, अशा जित्या पाण्यात डासाच्या अळीचं आयुष्य फार थोडं असतं. कूलरच्या टाकीत तिला खाणारं कोणी नाही. तेव्हापासून आपण आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो आणि बोडीत गप्पी मासे आहेत.

सभेपुढचा विषय

गाड्यांची अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी घरटी एक स्कूटर होती, आज दोन चारचाकी आहेत. लहान मुलं असलेल्या सुनांची भीती खरी आहे, तिला हसू नये. "साप म्हणू नये धाकला" ही म्हण उगाच पडलेली नाही. मुलं खेळतात त्या जागेपासून बोडीपर्यंत नीट कुंपण नाही, काठावर दिवा नाही, गवत वेळेवर कापलं जात नाही, ही कार्यकारिणीकडून व्हायची कामं राहिली आहेत.

पण बोडी बुजवली म्हणजे साप जातील, हा हिशेब जुळत नाही. दिवड जाईल, कारण बेडूक जातील. नाग मात्र बेडकासाठीच येतो असं नाही, तो उंदरासाठी येतो, आणि उंदीर आपल्या कचऱ्याच्या ढिगावर आहेत. म्हणजे बिनविषारी साप घालवून आपण फक्त विषारीच ठेवू. दुसरं, उतार बदललेला नाही. ही जागा खोलगट आहे. वरच्या तिन्ही रस्त्यांचं पाणी आजही इथेच येतं. जुलै २०२२ मध्ये शहरात पुराने काय केलं ते आपण सर्वांनी पाहिलं. आपल्या सोसायटीत त्या वेळी पाणी बोडीच्या काठाबाहेर आलं, पण घरात शिरलं नाही. वर फरशी घातल्यावर ते पाणी कुठे जाईल, हे कोणीतरी कागदावर मांडून दाखवावं. आणि ज्या दोन बोअरवेल भर मे महिन्यातही चालतात, त्या दोन्ही बोडीला लागून आहेत. हा योगायोग असेल तर तोही मोडण्याआधी विचार व्हावा.

माझी सूचना थोडक्यात अशी : बोडीभोवती कमरेइतकी बारीक जाळी, खालून घट्ट बसवलेली. काठाने दोन दिवे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गवत कापणं. विटा, लाकडं, भंगार आवारात न ठेवणं. गाड्यांसाठी समोरच्या जुन्या ऑफिसखोलीमागची जागा, ती रिकामीच आहे. आणि सूचनाफलकावर सर्पमित्राच्या नंबराशेजारी मोठ्या अक्षरात हे : साप चावल्यास घट्ट आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ दवाखाना. विषारी दंशावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते, झाडफुकीत मिळत नाही. रात्री निघताना हातात बॅटरी, पायात चप्पल, आणि जमिनीवर निजायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून.

ही बोडी खोदली त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. तो राजा नव्हता, त्याला सनद मिळाली नसेल, नक्षलेख तर नाहीच. त्याने चार बांद्यांच्या धानापुरतं पाणी अडवलं आणि त्या पाण्यावर बेडूक, दिवड, बगळे आणि शेवटी आपण, असे सगळे येऊन राहिलो. यातले आपण सगळ्यात नवीन. पन्नासाव्या वर्षीच्या स्मरणिकेत परिसराचा इतिहास आज बोडीकाठी खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी लिहील. त्याला तो लेख भूतकाळात लिहावा लागू नये, अशी सर्व सभासदांना विनंती करतो.